लॅटिनमधला ‘खोटारडा’: मेंदाक्स हे विशेषण कसं चालवायचं आणि कुठे वापरायचं

लॅटिनच्या अभ्यासात बोनुस, बोना, बोनुम (चांगला, चांगली, चांगलं) असं लिंगाप्रमाणे बदलणारं विशेषण एकदा पाठ झालं की सगळं सोपं वाटू लागतं. मग तिसऱ्या विभक्तिगटातली विशेषणं येतात. त्यातली काही प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांना एकच रूप दाखवतात, आणि तिथे गाडी अडते. मेंदाक्स, म्हणजे खोटं बोलणारा, खोटारडा, हे त्या जातीचं विशेषण. ते नीट बसलं की आउदाक्स (धाडसी), लोक्वाक्स (बडबड्या), रापाक्स (लुबाडणारा) ही सगळी भावंडं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

लिप्यंतराबद्दल आधीच सांगायला हवं. लॅटिन त आणि द दंत्य आहेत, म्हणून इथे ट-ड न लिहिता त-द लिहिलंय. अभिजात उच्चारात ‘क’ कुठल्याही स्वरापुढे कच राहतो. ऱ्हस्व अ शब्दाच्या शेवटी मराठी वाचकाच्या तोंडून गळून पडतो, त्यामुळे ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही जागी आ वापरलाय. ए आणि ओ यांचं ऱ्हस्वदीर्घ देवनागरीत दिसत नाही. जिथे त्याने फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय.

आधी ठरवा: नेमकं काय खोटं आहे?

बहुतेक चुका विभक्तीच्या आधीच होतात, शब्द निवडताना. इंग्रजी-लॅटिन कोशातून शोधणाऱ्यांची तर पहिल्याच पावलाला फसगत होते. ‘लाइंग’ हा शब्द काढला की याकेन्स समोर येतं. त्याचा अर्थ ‘आडवा पडलेला’. शोधताना ‘खोटारडा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढावा, किंवा सरळ मेंदाक्सची नोंद उघडावी.

मेंदाक्समध्ये सवयीचा, स्वभावाचा भाव आहे. -आक्स हा प्रत्यय तेच सांगतो. एदेरे म्हणजे खाणं, त्यावरून एदाक्स म्हणजे खादाड. लोक्वी म्हणजे बोलणं, त्यावरून लोक्वाक्स. वेरुस (खरा) या विशेषणापासून वेराक्स (सत्यवचनी) झालं, आणि तोच मेंदाक्सचा नेहमीचा विरुद्धार्थी. म्हणून एखाद्याने काल एक थाप मारली एवढंच सांगायचं असेल तर विशेषण वापरू नका, क्रियापद वापरा: मेंतिओर, मेंतीरी, मेंतीतुस सुम. हे क्रियापद रूपाने कर्मणी आणि अर्थाने कर्तरी आहे. ‘तो खोटं बोलतो’ म्हणजे मेंतीतुर. कर्तरी प्रत्यय लावून मेंतित असं रूप बनवलंत तर ते लॅटिनमध्ये नाही.

जवळचे इतर शब्द:

फाल्सुस: जे खरं नाही ते. बातमी, आरोप, साक्ष, नाणं. इथे बोलणाऱ्याच्या स्वभावाबद्दल काही म्हटलेलं नसतं.

फाल्लाक्स: फसवणारा. आशा फसवते, समुद्र फसवतो. शब्द उच्चारायची गरज नाही.

पेरयूरुस: शपथ मोडणारा.

मेंदोसुस: इथे सांभाळा. मेंदुम म्हणजे चूक, दोष. चुकांनी भरलेल्या हस्तलिखिताला मेंदोसुस म्हणतात. नक्कल करणाऱ्याच्या डुलकीने बिघडलेल्या पोथीला मेंदाक्स म्हटलंत तर तुम्ही पोथीवर खोटेपणाचा आळ घेतलात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच असावं असं बहुतेक कोशकार मानतात, आणि मेंदाक्सच्या अर्थाला मेंतिओरने वळण दिलं असं समजतात. वापरात मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या आहेत.

‘खोटं’ या नामासाठी मेंदाकिउम, नपुंसकलिंगी. नाम आणि क्रियापद यांतला एक बारीक भेद रोमन लेखक ऑलस गेलियसने (11.11) निगिडियस फिग्युलस या विद्वानाच्या नावे नोंदवलाय: जो मेंतीतुर, तो स्वतः फसलेला नसतो, दुसऱ्याला फसवू पाहतो, जो मेंदाकिउम दीकित, म्हणजे खोटी गोष्ट सांगतो, तो स्वतःच फसलेला असतो. सज्जनाने पहिलं टाळावं आणि शहाण्याने दुसरं, असंही तो पुढे म्हणतो. सगळे लेखक हा भेद पाळत नाहीत, पण मेंदाक्स निवडताना तो उपयोगी पडतो. चुकीची माहिती भाबडेपणाने पुढे पाठवणाऱ्याला मेंदाक्स म्हणू नये.

अंग काढणं आणि रूपं चालवणं

कोशात नोंद असते ‘मेंदाक्स, -आकिस’. दुसरं रूप षष्ठी एकवचन, मेंदाकिस. त्यातला -इस काढला की उरतं ते अंग: मेंदाक्. प्रथमेतला क्स म्हणजे याच क् ला स् जोडलेला. एकदा प्रथमा-संबोधन एकवचन सोडलं की पुढे क्स दिसता कामा नये. (अपवाद एकच, नपुंसकलिंगी द्वितीया.) मेंदाक्सेम, मेंदाक्सेस अशी रूपं नवशिक्यांच्या वहीत हमखास सापडतात. ती चूक आहेत.

विभक्तींची नावं संस्कृतप्रमाणेच घेऊ. लॅटिनमध्ये पंचमीच तृतीयेचं आणि बरंचसं सप्तमीचंही काम करते.

एकवचन
प्रथमा, संबोधन: मेंदाक्स (तिन्ही लिंगं)
षष्ठी: मेंदाकिस
चतुर्थी: मेंदाकी
द्वितीया: मेंदाकेम (पुं., स्त्री.), मेंदाक्स (नपुं.)
पंचमी: मेंदाकी

अनेकवचन
प्रथमा, द्वितीया, संबोधन: मेंदाकेस (पुं., स्त्री.), मेंदाकिआ (नपुं.)
षष्ठी: मेंदाकिउम
चतुर्थी, पंचमी: मेंदाकिबुस

नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया एकच, हा नियम शाळेतल्या ‘वनम्’मुळे ओळखीचा आहे. इथेही तोच लागू होतो. जुन्या वळणाच्या संपादनांत द्वितीया अनेकवचन मेंदाकीस असंही छापलेलं दिसेल. त्यातला ई दीर्घ आहे, तेव्हा ते षष्ठी एकवचन समजू नका.

प्रथमेत लिंग बदलत नाही ही गोष्ट मराठी माणसाला खरं तर अवघड जाऊ नये. लबाड मुलगा, लबाड मुलगी, लबाड मांजर. तसंच पुएर मेंदाक्स, पुएल्ला मेंदाक्स, वेर्बुम मेंदाक्स. पण आपला ‘लबाड’ अनेकवचनातही तसाच राहतो. लॅटिन तिथे बदलतं. मुली खोटारड्या असतील तर पुएल्लाइ मेंदाकेस. पुएल्लाइ बघून हात आपोआप मेंदाकाइ लिहायला जातो, कारण नामाचा प्रत्यय कानात घुमत असतो. विशेषण नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती घेतं. नामाचा प्रत्यय घेत नाही.

पंचमीतला -ई हा या गटाचा दुसरा सापळा. नामाबरोबर विशेषण म्हणून वापरलं तर मेंदाकी: आब होमिने मेंदाकी, खोटारड्या माणसाकडून. नाम गाळून विशेषणच ‘खोटारडा इसम’ या अर्थी उभं केलं तर व्याकरणं -ए सांगतात: आ मेंदाके. कवी छंदासाठी हा नियम वाकवतात, गद्य लिहिताना मात्र तो पाळावा.

तीन जुळी रूपं

यांच्यामुळे वाचताना सगळ्यात जास्त वेळ जातो.

मेंदाकिउम हे विशेषणाचं षष्ठी अनेकवचन (खोटारड्यांचं) आहे आणि ‘खोटं’ या नामाचं प्रथमा-द्वितीया एकवचनही. स्वरांची लांबी आणि आघात दोन्ही सारखे, कानाने ओळखायचा मार्गच नाही. मेंदाकिआ हे विशेषणाचं नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि नामाचं अनेकवचन ‘खोट्या गोष्टी’. मेंदाकी ही विशेषणाची चतुर्थी-पंचमी, आणि नामाच्या षष्ठीचं आखूड रूप (लांब रूप मेंदाकिई).

सोडवायची रीत अशी. आधी वाक्यातलं क्रियापद शोधा आणि त्याला कर्ता-कर्म हवंय का ते बघा. दीकित (म्हणतो) हे क्रियापद आहे आणि दुसरं कर्म नाही, तर मेंदाकिउम हे नाम. कर्ता-कर्म दोन्ही आधीच भरले असतील आणि शेजारी एखादं नाम ‘कुणाचं?’ विचारत उभं असेल, तर ती षष्ठी. वेर्बा मेंदाकिआ सुंत या वाक्यात ‘शब्द खोटे आहेत’ आणि ‘शब्द म्हणजे थापा आहेत’ असे दोन्ही अर्थ निघतात. संदर्भाशिवाय त्याचा निकाल लागत नाही, आणि लावायचा अट्टहासही करू नये. स्वतः लिहिताना संशय नको असेल तर षष्ठीबरोबर नाम घाला: होमिनुम मेंदाकिउम.

कुणाशी खोटं, कशाबद्दल खोटं

विश्वास ठेवणं, क्रेदेरे, चतुर्थी मागतं. मराठीत ‘-वर विश्वास’ असल्यामुळे सुपेर किंवा इन ही ‘वर’, ‘मध्ये’ अर्थाची अव्ययं लावायचा मोह होतो. तो आवरा. रोमन वक्ता सिसेरोच्या भविष्यकथनावरच्या ग्रंथात (2.146) हा वाक्यांश आहे: मेंदाकी होमिनी ने वेरुम क्विदेम दीकेंती. ‘खोटारड्या माणसाला, तो खरं बोलत असतानासुद्धा’, आणि पुढे क्रेदेरे: त्याच्यावर आपण विश्वास ठेवत नाही. ‘लांडगा आला रे आला’चं सगळं तात्पर्य यात आलं. व्याकरणही बघा: मेंदाकी, होमिनी, दीकेंती तिन्ही चतुर्थीत, एकाच माणसाला धरून. ने… क्विदेमच्या (‘सुद्धा नाही’) मधल्या शब्दावर जोर येतो, म्हणून वेरुम तिथे बसवलाय.

कुणाविरुद्ध, कुणाच्या बाबतीत खोटं, हे इन अधिक द्वितीयेने सांगता येतं. कशाबद्दल खोटं, हे षष्ठीने: नाटककार प्लॉटसमध्ये हूयुस रेई, म्हणजे ‘या गोष्टीबद्दल’ मेंदाक्स, अशी रचना मिळते. कुणाशी खोटं, हे चतुर्थीने. कवी ओव्हिडच्या काव्यातली फिलिस परत न आलेल्या प्रियकराला, देमोफोऊनला, लिहिते: साइपे फुई मेंदाक्स प्रो ते मिही. ‘तुझ्यापायी मी कित्येकदा माझ्याशीच खोटं बोलले.’ बोलणारी बाई आहे, पण मेंदाक्सवर त्याची खूण नाही. ती संदर्भातूनच कळते.

‘खोटारड्याने स्मरणशक्ती तल्लख ठेवावी’ ही म्हण वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन (4.2.91) लोकांच्या तोंडची म्हणून देतो: मेंदाकेम मेमोरेम एस्से ओपोर्तेरे. मेंदाकेम द्वितीयेत का? कारण ओपोर्तेत (हवं, पाहिजे) या क्रियापदाला तुमंत लागतं आणि त्या तुमंताचा कर्ता द्वितीयेत जातो. मेमोरेम हे त्याचं विधेय, म्हणून तेही द्वितीयेत. दोन द्वितीया शेजारी बघून एकीला कर्म ठरवलं तर ‘खोटारड्याला स्मरण’ असलं काहीतरी हाती लागतं.

एक ओळ जवळून

रोमन कवी होरेसच्या ओड्स या गीतसंग्रहाच्या तिसऱ्या पुस्तकातली (इ.स.पू. 23) अकरावी कविता. दानाउसने आपल्या पन्नास मुलींना लग्नाच्या रात्रीच नवऱ्यांना मारायला सांगितलं. एकीने, हिपरम्नेस्त्राने, ऐकलं नाही.

पेरयूरुम फुइत इन पारेंतेम
स्प्लेंदिदे मेंदाक्स एत इन ओम्ने विर्गो
नोबिलिस आइवुम

पेरयूरुम आणि पारेंतेम यांच्यामध्ये दोन शब्द आलेत, तरी दोन्ही पुल्लिंगी द्वितीया एकवचन, म्हणून जोडी त्यांचीच: शपथ मोडणारा बाप. इन पारेंतेम म्हणजे त्या बापाशी. मेंदाक्स कुणाला लागतं? पुढच्या विर्गोला, स्त्रीलिंगी प्रथमा. स्प्लेंदिदे हे क्रियाविशेषण, ते मेंदाक्सला लागतं. ‘वचनभंग करणाऱ्या बापाशी ती दिमाखात खोटं वागली, आणि ती कन्या सर्वकाळ थोर ठरली.’ दोन शब्दांत होरेसने निंदेचं विशेषण गौरवाचं करून टाकलं. पुढे हे शब्द सुटे होऊन ब्रीदवाक्यासारखे फिरले, आणि ज्युलियन असांजने हॅकर म्हणून घेतलेलं मेंदाक्स हे नावही इथूनच आलं.

मधल्या ओळीचे लघु-गुरू पाडून बघा: स्प्लेन्-दि-दे-मेन्-दाक्-से-ति-नोम्-ने-विर्-गो. गुरु लघु गुरु, गुरु गुरु लघु, लघु गुरु लघु, गुरु गुरु. म्हणजे र त ज ग ग. इंद्रवज्रा त त ज ग ग आहे. दुसरं आणि तिसरं अक्षर अदलाबदल केलं की झाला सॅफिक छंद. इंद्रवज्रेची चाल ज्याच्या कानात आहे त्याला ही ओळ म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत. स्प्लेंदिदेचा शेवटचा ए दीर्घ, हे छंदच सांगतो.

माणसाशिवाय मेंदाक्स

होरेसच शेतालाही हे विशेषण लावतो (ओड्स 3.1): फुंदुस्क्वे मेंदाक्स, ‘आणि खोटं ठरलेलं शेत’. पीक देईन म्हणालं आणि दिलं नाही. लगेच पुढे झाड कधी पाण्याला, कधी रानं करपवणाऱ्या ताऱ्यांना, कधी कडक हिवाळ्याला दोष देतं. मराठीत करताना ‘खोटारडं शेत’ लिहू नका. आपण ‘पिकानं दगा दिला’ म्हणतो. उपहासकवी जुव्हेनल (10.174) अख्ख्या देशाला हेच म्हणतो: ग्राइकिआ मेंदाक्स, इतिहासात काहीही ठोकून देणारा ग्रीस. त्याच्या थट्टेचा विषय इराणी सम्राट झर्क्सीझची जहाजं कालवा खणून अथोसच्या डोंगरी भूशिरातून गेल्याची कथा. त्या कालव्याच्या खुणा पुढे जमिनीखाली सापडल्या, तेव्हा निदान त्या बाबतीत तरी ग्रीस मेंदाक्स नव्हता.

जीवशास्त्रातही हे विशेषण भेटतं, दुसऱ्या जातीसारख्या दिसून चकवणाऱ्या जातींसाठी. ब्लूबेरीची फळं पोखरणारी उत्तर अमेरिकेतली माशी रागोलेतिस मेंदाक्स (1932) सफरचंदावरच्या रागोलेतिस पोमोनेल्लाशी सहज गल्लत होईल अशी आहे. युरोपातल्या एका अळंबीला 2013मध्ये बोलेतुस मेंदाक्स हे नाव मिळालं. रागोलेतिस स्त्रीलिंगी, बोलेतुस पुल्लिंगी, विशेषण तेच. जाती एका प्रजातीतून दुसरीत हलवल्या की -उस, -आ, -उम बदलत बसावं लागतं; मेंदाक्स ठेवणाऱ्याची ती कटकट वाचते.

चर्चच्या लॅटिनमध्ये दोन ओळी पाठ असाव्यात. बायबलमधल्या, लॅटिन क्रमाने 115व्या (आताच्या 116व्या) स्तोत्रातली ओम्निस होमो मेंदाक्स, ‘प्रत्येक माणूस खोटा’. यात एस्त गाळलंय, जसं मराठीत ‘आहे’ गळतं. दुसरी, बायबलमधल्याच तीताला लिहिलेल्या पत्रातली, क्रीटच्या लोकांवरची शेलकी: क्रेतेन्सेस सेंपेर मेंदाकेस. चर्चच्या उच्चारात ए-इ पुढचा क च होतो, म्हणून ‘मेंदाचेस’ ऐकू येईल. गोव्यात आणि वसईत 1960च्या दशकापर्यंत मिस्सा (चर्चची उपासना) लॅटिनमध्ये होत असे, त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीच्या तोंडी हा दुसरा उच्चार असतो. दोन्ही ठीक, पण एकाच वाचनात मिसळू नका.

तर-तम आणि क्रियाविशेषण

अधिक खोटारडा: मेंदाकिओर (पुं., स्त्री.), मेंदाकिउस (नपुं.). सगळ्यात खोटारडा: मेंदाकिस्सिमुस, आणि हे बोनुससारखं चालतं. तुलना क्वामने (‘पेक्षा’) किंवा नुसत्या पंचमीने. कविता लिहीत नाही म्हणता म्हणता लिहीत बसलेला होरेस स्वतःला पार्थिस मेंदाकिओर म्हणतो, पार्थियन लोकांहून खोटारडा.

गोची अशी की मेंदाकिओर चालवताना मूळ विशेषणाचे इ-वाले प्रत्यय जातात: पंचमी मेंदाकिओरे, षष्ठी अनेकवचन मेंदाकिओरुम, नपुंसकलिंगी अनेकवचन मेंदाकिओरा. तिथे -ई, -इउम, -इआ लावू नका.

‘खोटेपणाने’ या अर्थी मेंदाकितेर आहे, पण ते उत्तरकालीन. अभिजात वळणाचं गद्य लिहायचं असेल तर फाल्सो किंवा नामाची पंचमी मेंदाकिओ वापरा. ‘खोटं बोलू नकोस’ला विशेषण लागतच नाही: नोली मेंतीरी. ‘खोटारडे होऊ नका’ असंच म्हणायचं असेल तर अनेकवचनी नोलीते मेंदाकेस एस्से. अंगावर गोंदवून घेण्याआधी वचन तपासा.

करून बघा

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा.

‘ती मुलगी खोटारडी नाही.’ पुएल्ला मेंदाक्स नोन एस्त. मेंदाका लिहिलं असेल तर पुन्हा रूपांकडे जा.

‘न्यायाधीश खोटारड्या साक्षीदारांवर विश्वास ठेवत नाही.’ यूदेक्स तेस्तिबुस मेंदाकिबुस नोन क्रेदित. चतुर्थी, शब्दयोगी अव्यय नाही.

‘खोटारड्या माणसांची आश्वासनं.’ प्रोमिस्सा होमिनुम मेंदाकिउम. होमिनुम गाळलं तर वाचणारा मेंदाकिउमला नाम समजेल.

‘मालक गुलामापेक्षा खोटारडा आहे.’ दोमिनुस सेर्वो मेंदाकिओर एस्त. सेर्वो इथे पंचमी.

‘ती काल खोटं बोलली.’ हेरी मेंतीता एस्त. एकदाच घडलेली गोष्ट, म्हणून क्रियापद. आणि मेंदाक्समध्ये न दिसणारं स्त्रीलिंग इथे मेंतीतामध्ये दाखवावंच लागतं.